पिंजऱ्यावरची चिठ्ठी : उंदीर आणि इतर प्राणी आपल्याला विज्ञान कसे शिकवतात

शिक्षकांच्या खोलीत आणि घराघरांत दोन शब्द फार सहजपणे उच्चारले जातात : 'हुशार' आणि 'ढ'. पाचवीला प्रवेश घेऊन वसतिगृहात आलेल्या मुलाच्या नावापुढे यांपैकी एखादा शब्द दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लागलेला असतो आणि पुढे दहावीपर्यंत तो सहसा पुसला जात नाही. हा शब्द येतो कोठून? तो मुलाच्या अंगी असतो की पाहणाऱ्याच्या नजरेत? आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. शतकानुशतके आपल्या पूर्वजांच्या कपाळी असेच शब्द लावले गेले आणि ते जन्मानेच ठरतात असे सांगितले गेले. प्रश्न जुना असला तरी तो केवळ वादाचा नाही. त्याची परीक्षा घेता येते. विशेष म्हणजे या परीक्षेतील काही स्पष्ट उत्तरे विद्वानांच्या ग्रंथांतून नव्हे, तर एका घोड्याकडून आणि पिंजऱ्यातील पांढऱ्या उंदरांकडून मिळाली आहेत.

शाळेच्या स्मरणिकेत उंदरांवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या मुलांना विज्ञानाची ओळख बहुधा शोधांची यादी म्हणून होते. कोणता शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला, हे पाठ केले की गुण मिळतात. ती माहिती उपयोगाची आहेच. पण विज्ञानाचा गाभा त्या यादीत नाही. आपली समजूत खरी आहे की नाही हे, ती समजूत आपल्याला कितीही प्रिय असली तरी, पडताळून पाहण्याची शिस्त म्हणजे विज्ञान. ही शिस्त माणसांना सहजासहजी लागली नाही. ती लावण्यात मुक्या प्राण्यांचा वाटा मोठा आहे, कारण त्यांना आपली पदवी, पद आणि प्रतिष्ठा कळत नाही. ते कोणाची भीड धरत नाहीत.

बर्लिनचा हिशेबी घोडा

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक राहत होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला कित्येक वर्षे शिकवले. फळा, अंक, मण्यांची पाटी, सारे काही वापरून शिकवले. पुढे हान्सला बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक यांची उदाहरणे घातली की तो खूर आपटून उत्तर देऊ लागला. सात हे उत्तर असेल तर सात वेळा खूर आपटायचा आणि थांबायचा. लोक थक्क झाले. 1904 साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली एक समिती बसली. तिला कोणतीही फसवणूक आढळली नाही. फॉन ऑस्टेन खरोखरच प्रामाणिक होते. ते प्रयोगाचे पैसेही घेत नसत. शिवाय ते नसताना दुसऱ्याने प्रश्न विचारला तरी घोडा उत्तर देई.

येथेच समाधान मानले असते तर घोड्याला गणित येते असे शास्त्र झाले असते. परंतु श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधा प्रश्न विचारला : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होईल? त्यांनी अंक लिहिलेली पाटी घोड्याला दाखवली. मात्र ती धरणाऱ्याला अंक दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विचारणाऱ्याला अंक माहीत असे तेव्हा शंभरातील सुमारे 98 उत्तरे बरोबर येत. माहीत नसे तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 8 वर घसरे. घोड्याला विचारणारा दिसू नये अशी योजना केली तेव्हाही तो गोंधळला.

उलगडा असा झाला. प्रश्न विचारून झाल्यावर माणूस घोड्याच्या खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे वाकतो. अपेक्षित आकडा आला की त्याचे डोके नकळत अगदी थोडेसे वर उचलले जाते. ही हालचाल इतकी सूक्ष्म होती की शेजारी उभ्या असलेल्या लोकांना ती दिसत नव्हती. घोड्याला मात्र ती दिसत होती, आणि ती दिसली की तो थांबत होता. फुंग्स्ट यांना हे रहस्य कळल्यानंतरही स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबवणे कठीण गेले. 1907 साली त्यांनी हे सारे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. फॉन ऑस्टेन यांनी ते शेवटपर्यंत मान्य केले नाही.

या प्रसंगाचा बोध काय? कोणीही खोटे बोलले नव्हते. तरीही निष्कर्ष चुकीचा होता. आपली अपेक्षा आपल्या देहातून, नजरेतून, आवाजातून बाहेर पडते, आणि समोरचा जीव ती ओळखून त्याप्रमाणे वागतो. मग आपणच म्हणतो, पाहा, आम्ही म्हटले तसेच झाले. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे. परंतु सत्य शोधण्यासाठी केवळ तो पुरत नाही. स्वतःच्या अपेक्षेला परीक्षेबाहेर ठेवण्याची युक्तीही हवी.

हुशार उंदीर आणि मठ्ठ उंदीर

घोड्याच्या बाबतीत अपेक्षा केवळ उत्तर सुचवत होती. अपेक्षेमुळे शिकणाऱ्याची प्रगतीच बदलू शकते का, हा पुढचा प्रश्न होता. अमेरिकेतील रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोडी या संशोधकांनी त्यासाठी केलेला एक प्रयोग 1963 साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाने आणि पालकाने तो मुळातून समजून घ्यावा असा आहे.

मानसशास्त्र शिकणाऱ्या बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले गेले. सहा विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की तुमचे उंदीर भूलभुलैया शिकण्यात हुशार अशा वंशाचे आहेत. उरलेल्या सहांना सांगण्यात आले की तुमचे उंदीर मठ्ठ वंशाचे आहेत. वास्तविक सर्व उंदीर एकाच साध्या कळपातले होते आणि कोणता उंदीर कोणाकडे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. फरक होता तो फक्त विद्यार्थ्यांच्या मनात घातलेल्या शब्दाचा.

काम सोपे होते. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या वाटेत उंदराने दोन फाट्यांपैकी गडद रंगाचा फाटा निवडायला शिकायचे. पाच दिवस प्रयोग चालला. 'हुशार' उंदीर पहिल्या दिवसापासून पुढे राहिले आणि पुढेच राहिले. 'मठ्ठ' उंदीर सुमारे 29 टक्के वेळा सुरुवातीच्या जागेवरून हललेच नाहीत. 'हुशार' उंदरांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे 11 टक्के होते.

नंतर विद्यार्थ्यांना त्यांच्या वागण्याविषयी विचारले गेले. ज्यांना हुशार उंदीर मिळाल्याचे वाटत होते त्यांनी आपले उंदीर अधिक वेळा आणि अधिक हळुवारपणे हाताळले होते. त्यांना ते उंदीर अधिक गोड आणि शांत वाटले होते. म्हणजे येथे कोणी गुण वाढवून लिहिले असे समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांचा हात बदलला, हाताबरोबर उंदराची भीती कमी-जास्त झाली, आणि भीतीबरोबर त्याचे शिकणे. मठ्ठ ठरवलेला उंदीर खरोखरच मागे पडला. तो मागे पडला म्हणून त्याच्यावरचा शब्द खरा ठरला. आणि शब्द खरा ठरला म्हणून हात आणखी कोरडा झाला.

पुढे रोझेन्थाल यांनी लिओनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेबरोबर कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत मुलांविषयी असाच प्रयोग केला. सुमारे वीस टक्के मुलांची नावे कोणत्याही निकषाविना निवडून ती शिक्षकांना देण्यात आली आणि ही मुले येत्या वर्षात चांगली फुलतील असे सांगण्यात आले. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीतील वाढ इतरांपेक्षा लक्षणीय दिसली. वरच्या वर्गांत तसे स्पष्टपणे आढळले नाही. 1968 साली हे पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यावर कडक टीका झाली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून असा परिणाम असतो, परंतु तो आरंभी वाटला तितका सर्वत्र आणि मोठा नसतो, असे चित्र पुढे आले. हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या बाजूचा निष्कर्ष आला म्हणून तो फुगवून सांगणे हा फॉन ऑस्टेन यांचाच मार्ग आहे.

रक्त की परिस्थिती

यावर कोणी म्हणेल, लेबल खोटे होते म्हणून असे झाले. पण जिथे बुद्धीतला फरक वंशातूनच आलेला आहे तिथे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचेही उत्तर उंदरांनी दिले आहे.

काही प्रयोगशाळांनी भूलभुलैयात कमी चुका करणाऱ्या उंदरांची आपापसांत आणि जास्त चुका करणाऱ्यांची आपापसांत पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली होती. अशा रीतीने दोन वेगळे वंश तयार झाले आणि त्यांच्यातला फरक खरा होता. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात कूपर आणि झुबेक यांनी अशा दोन वंशांची पिल्ले घेऊन केलेला प्रयोग 1958 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वंशांतील काही पिल्ले त्यांनी ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली : समोर करडी भिंत, आत अन्न आणि पाणी, दुसरे काही नाही. काही पिल्ले समृद्ध पिंजऱ्यात वाढवली : त्यात उतरंडी, बोगदे, आरसे, झोके, चेंडू, घंटा आणि समोरच्या भिंतीवर रंगीत आकृत्या. सुमारे चाळीस दिवसांनी सर्वांची परीक्षा घेतली.

प्रयोगशाळेतील नेहमीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांत हुशार वंशाच्या सरासरी चुका सुमारे 117 आणि मठ्ठ वंशाच्या सुमारे 164 होत्या. ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढलेल्या दोन्ही वंशांच्या चुका सुमारे 170 भरल्या. हुशार वंशाची हुशारी कोठे दिसेना. समृद्ध पिंजऱ्यात हुशार वंशाच्या चुका सुमारे 111 आणि मठ्ठ वंशाच्या सुमारे 120 झाल्या. म्हणजे मठ्ठ ठरलेले उंदीर जवळजवळ बरोबरीला आले.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. फरक रक्तात होता हे खरे. परंतु तो एका विशिष्ट परिस्थितीतच दिसत होता. परिस्थिती बदलताच तो जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा 'हे उंदीर मठ्ठ आहेत' हे विधान अपुरे ठरते. 'या पिंजऱ्यात हे उंदीर इतक्या चुका करतात' हे विधान पूर्ण आहे. पहिल्या विधानापुढे काही करण्यासारखे उरत नाही. दुसऱ्या विधानापुढे पिंजरा बदलून पाहण्याचे काम उभे राहते.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रयोगशाळेतून एकदम समाजावर उडी मारणे योग्य नाही. तरीही येथे बाबासाहेबांच्या विवेचनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात त्यांनी माणसाचे सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे मांडले आहे : शारीरिक आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न. मातापित्यांनी घेतलेली काळजी, शिक्षण आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान हे सारे दुसऱ्या गोष्टीत येते. माणसे या तिन्ही बाबतींत असमान असतात हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचा मुद्दा असा होता की ज्यांना जन्म आणि वारसा अनुकूल आहे त्यांनाच अधिक अनुकूल वागणूक दिली तर ती स्पर्धा गुणांची राहत नाही. म्हणून समाजाला आपल्या सर्व सभासदांकडून उत्तम कार्य हवे असेल तर त्यांना आरंभीच शक्य तितके समान करावे लागेल. पुढे बावीस वर्षांनी कॅनडातील त्या पिंजऱ्यांत दुसऱ्या गोष्टीचेच वजन मोजले गेले.

चिठ्ठी वस्तीवर लागते तेव्हा

चिठ्ठी जशी पिंजऱ्यावर लागते तशी ती संपूर्ण वस्तीवरही लागू शकते. त्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे, आणि तेथेही सत्य उजेडात आणले ते उंदरांनीच.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. धान्याच्या वखारींच्या त्या भागात मेलेले उंदीर सापडत होते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. सरकारी यंत्रणेची नजर घाण, दूषित हवा, कोंदट खोल्या आणि गरिबांचे देह यांवर खिळली होती. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरझडत्या झाल्या, भिंती धुतल्या गेल्या, जमिनी उकरल्या गेल्या, सामान जाळले गेले. साथ मात्र थांबेना. ती पुण्यात पसरली. तेथे आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या रुग्णांना हात लावायला लोक भीत होते त्यांना त्यांनी हात लावला. रोग माणसाच्या शरीरात शिरतो कसा हे त्या काळी डॉक्टरांनाही माहीत नव्हते.

पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर त्या काळात भारतात काम करत होते. रुग्णांच्या अंगावर, विशेषतः पायांवर, आजाराच्या आरंभी बारीक फोड येतात हे त्यांनी पाहिले आणि तो पिसवेचा दंश असावा असा तर्क केला. जून 1898 मध्ये कराचीत त्यांनी एक प्रयोग केला. पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर काचेच्या भांड्यात ठेवला. त्याच भांड्यात, त्याला स्पर्श होणार नाही अशा रीतीने, निरोगी उंदराचा जाळीदार पिंजरा टांगला. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवला तेव्हा निरोगी उंदराला काही झाले नाही. इतका स्पष्ट पुरावा असूनही सरकारी प्लेग आयोगाने त्याला महत्त्व दिले नाही.

मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुढे नेला. 1903 साली भायखळ्याच्या राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. मग ज्या घरांत उंदीर मेले होते तेथे गिनीपिग सोडून त्यांनी पिसवा गोळा केल्या. 1905 पासून नव्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेतून काम सुरू केले. प्लेगच्या घरांत प्राण्यांचे पिंजरे जोडीने ठेवले. एका पिंजऱ्याभोवती चिकट पदार्थाचा पट्टा, दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीचा वाळूचा पट्टा. घर तेच, हवा तीच, घाणही तीच. चिकट पट्टा ओलांडणे पिसवांना जमत नसे. आजारी पडले ते वाळूच्या पट्ट्यातले प्राणी. जमिनीपासून दोन इंच उंचीवर टांगलेल्या प्राण्यांना रोग झाला, दोन फूट उंचीवर टांगलेल्यांना झाला नाही, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही.

वाळूचा तो पट्टा कशासाठी होता, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. केवळ चिकट पट्टा लावला असता आणि प्राणी वाचला असता तर कोणीही म्हणाले असते, तो प्राणीच दणकट असेल. बाकी सर्व समान ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशास्त्राचा पाया आहे. त्या एका गोष्टीने घाणेरड्या लोकांचा रोग ही चिठ्ठी गळून पडली. गरिबांच्या घरांत उंदीर जास्त होते, गर्दी जास्त होती, म्हणून मृत्यूही जास्त झाले. परंतु कारण त्यांच्या जन्मात वा स्वभावात नव्हते. ते उंदराच्या अंगावरील पिसवेत होते. कारण कळल्यावर उपाय बदलतो. माणसांना हाकलण्याऐवजी उंदीर आणि पिसवा यांचा बंदोबस्त करता येतो.

भूलभुलैया आणि गावातील मुले

आता पुन्हा मुलांकडे येऊ. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील गावांमध्ये केलेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील 642 मुलगे त्यात होते; निम्मे तथाकथित उच्च जातींचे, निम्मे अनुसूचित जातीचे. मुलांना कागदावर छापलेले भूलभुलैया सोडवायला दिले आणि प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे ठेवले.

काही गटांत कोणाचीही जात उच्चारली गेली नाही. तेथे दोन्ही बाजूंच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. काही गटांत काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली आणि मुलाने मान हलवून होकार दिला. एवढेच केले. कोडी तीच, वेळ तोच, मोबदला तोच. या गटांत अनुसूचित जातीच्या मुलांनी सोडवलेली कोडी घटली आणि दोन बाजूंमध्ये मोठी तफावत उभी राहिली.

त्या मुलांची बुद्धी काही मिनिटांत कमी झाली नव्हती. वाळूच्या आणि चिकट पट्ट्याप्रमाणे येथेही एकच गोष्ट बदलली होती, आणि ती म्हणजे मोठ्याने वाचलेली चिठ्ठी. या प्रयोगाचा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या शालेय आठवणींत हजेरीच्या वहीतून किंवा शिष्यवृत्तीच्या यादीतून भर वर्गात वाचली गेलेली जात आहे. ती वाचणाऱ्यांच्या मनात दर वेळी दुष्टावा होता असे नाही. फॉन ऑस्टेनही प्रामाणिकच होते.

शाळेने आणि घराने काय करावे

विज्ञानाने या दोषावर उपाय शोधले आहेत. नव्या औषधाची चाचणी घेताना कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला औषधाविना गोळी दिली, हे रुग्णाला कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत. डॉक्टर अप्रामाणिक असतात म्हणून हे करत नाहीत. माणसाची अपेक्षा त्याच्या नकळत काम करते, हे हान्स घोड्यापासून ठाऊक झाले आहे म्हणून करतात. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसन क्रमांक असतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

शाळेतही हे करता येते. निबंध तपासताना नाव दिसणार नाही अशी पानाची घडी घालता येते. प्रगतिपुस्तकात 'गणितात कच्चा' असे लिहिण्याऐवजी 'अपूर्णांकांच्या दहा उदाहरणांपैकी सहा चुकली' असे लिहिता येते, कारण पहिले वाक्य चिठ्ठी आहे आणि दुसरे निरीक्षण. मूल मागे पडत असेल तर निर्णय देण्याआधी एक गोष्ट बदलून पाहता येते : बसण्याची जागा, अभ्यासाची वेळ, सोबती, शिकवण्याची रीत. ती बदलल्यावर काय झाले हे महिनाभर लिहून ठेवावे. शिष्यवृत्तीची कामे वर्गासमोर न करता कार्यालयात एकेकट्याला बोलावून उरकता येतात. यासाठी अनुदान लागत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. भेटीच्या रविवारी आपण लेकराला पाहुण्यांसमोर उभे करतो आणि म्हणतो, हा आमचा धाकटा, जरा मंदच आहे. मोठा मात्र हुशार. दोघेही ते ऐकत असतात. धाकट्याला काय येते आणि काय अडते हे त्याच्याकडून ऐकावे, आणि त्याच्या शिक्षकांना तेवढेच सांगावे.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा सांगतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावी. यातील शेवटचा भाग आम्हा शिक्षकांना लागू होतो. मुलाविषयी आमच्या तोंडून निघालेला शब्द हाही पारखून घेण्याचाच विषय आहे. 1976 साली आपल्या संविधानात समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासूवृत्ती यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. ते केवळ अंधश्रद्धेच्या विरोधात वापरण्याचे शस्त्र नाही. ते आपल्या स्वतःच्या खात्रीवरही वापरायचे असते.

एक गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. या ज्ञानाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना आपण काय मोजतो आहोत हे ठाऊक नव्हते. मुंबईच्या त्या घरांत मेलेले गिनीपिग, करड्या भिंतीसमोर वाढलेली पिल्ले, यांपैकी कोणीही संमती दिली नव्हती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात 1960 साली झाला आणि त्यात प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद आहे. करुणा शिकवणाऱ्या शाळेत विज्ञानाच्या तासाला हेही सांगितले जावे. त्या जिवांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आपल्या हाती आहे : त्यांच्याकडून जे कळले ते वाया जाऊ देऊ नये.

येत्या जूनमध्ये पाचवीची नवी तुकडी वसतिगृहात येईल. कोणाच्या दाखल्याबरोबर जुन्या शाळेचा शेरा असेल, कोणाबरोबर नातेवाइकांचा. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण असाच शेरा घेऊन या दारातून आत आले होते आणि आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, कारागीर, अधिकारी म्हणून काम करत आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस या मुलांबरोबर घालवावा आणि आपल्यावर कोणता शेरा होता, तो कोणत्या बदलामुळे पुसला गेला, हे त्यांना नेमकेपणाने सांगावे. कोणत्या शिक्षकांनी काय वेगळे केले, कोणते पुस्तक मिळाले, अभ्यासाला कोठे जागा मिळाली, हे सारे सांगावे. त्या मुलांना उपदेशापेक्षा ही माहिती अधिक उपयोगी पडेल.